इम्प्लांटभोवतीचं हाड "दीड मिलिमीटर गेलं" : पण मोजलं कुठून?

शून्य_चूक

मंडळी, विषय दाताचा आहे, पण प्रश्न मोजमापाचा आहे. एकतीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात टूलरूम इन्स्पेक्शनला होतो. व्हर्नियर, मायक्रोमीटर, स्लिप गेज (नेमक्या मापाचे पोलादी ठोकळे) यातच हयात गेली. त्यामुळे कोणी "दीड मिलिमीटर" म्हटलं की माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघतो: डेटम कुठला, म्हणजे माप कुठून सुरू केलं?

हकीगत अशी. उजवीकडची खालची दाढ काढली आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात धातूचा स्क्रू, बसवलं. वर कॅप बसली १२ मार्च २०२० ला. पुढच्या पंधरवड्यात लोकल बंद झाल्या, म्हणून तारीख लक्षात आहे. त्यानंतर तपासणीला बोलावलं होतं, पण दोन वर्षं कोण जातंय? मग दादरचं ते क्लिनिक ज्या बिल्डिंगमध्ये होतं ती रिडेव्हलपमेंटला गेली. डॉक्टर पुण्याला मुलाकडे गेले, कॉम्प्युटर कुठे गेला ते देव जाणे.

मागच्या आठवड्यात दात साफ करायला मुलुंडला, घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो. त्यांनी छोटा एक्स-रे काढला, स्क्रीनवर माउसने रेघ ओढली आणि म्हणाले, "काका, दीड मिलिमीटर हाड गेलंय. हिरडी उघडून साफ करावं लागेल, कदाचित बोन ग्राफ्टही, म्हणजे हाडाची भर." दुखत नाही, हलत नाही, रक्त येत नाही. मी विचारलं, "दीड मिलिमीटर कशापासून कशापर्यंत?" म्हणाले, "वरच्या कडेपासून." मी म्हटलं, "पण बसवलं तेव्हा हाड वरच्या कडेला होतं हे तुम्हाला कुठे माहीत आहे?" यावर त्यांनी मला अंदाजपत्रक दिलं.

मला कोणावर आरोप करायचा नाही. फक्त एवढं कळून घ्यायचंय की हे हाड मोजतात कसं, आणि त्या मापात चूक किती धरायची.

---

गिरगावची_मावशी

अंदाजपत्रकाचा आकडा नाही का दिला? तिथे मात्र पैशापर्यंत अचूक असतात मेले. :)

---

सरळमार्गी

सगळा धंदा आहे. आमच्या आजोबांची कवळी वीस वर्षं चालली, कोणी मिलिमीटर मोजले नाहीत.

---

दंतकथा

@सरळमार्गी, कवळीखालचं हाड वीस वर्षांत किती झिजलं ते मोजलं असतं तर आजोबांना कवळी सैल का झाली याचं उत्तर मिळालं असतं. असो.

काका, मी हिरड्यांची डॉक्टर आहे, पश्चिम उपनगरात प्रॅक्टिस करते. तुमचा डेटमचा प्रश्न एकदम बरोबर आहे. आमच्याकडेही तीच भांडणं चालतात, फक्त शब्द वेगळे.

संदर्भरेघ म्हणून बहुतेक वेळा इम्प्लांटचा खांदा घेतात, म्हणजे जिथे कॅपचा जोड बसतो ती सपाट कड. तिथून खाली, हाड इम्प्लांटला पहिल्यांदा जिथे टेकलेलं दिसतं तिथपर्यंतचं अंतर. पुढच्या बाजूला एक, मागच्या बाजूला एक, अशी दोन मापं. पण ते अंतर म्हणजे "गेलेलं हाड" नव्हे, ती आजची पातळी आहे. गेलेलं हाड म्हणजे दोन तारखांच्या पातळ्यांतला फरक. आणि पहिली तारीख धरायची ती ऑपरेशनची नाही, कॅप बसवली त्या दिवसाची.

का? कारण ऑपरेशननंतर सुरुवातीच्या महिन्यांत हाड थोडं खाली बसतंच. हिरडीला इम्प्लांटभोवती चिकटून आपलं सील तयार करायला काही मिलिमीटर उंची लागते. हिरडी पातळ असेल तर हाड मागे सरकून ती जागा करून देतं. हा रोग नाही, घर लागण्याचा प्रकार आहे. नवीन बिल्डिंग पहिल्या पावसाळ्यात थोडी बसते तसं. त्यानंतर जे जातं त्याची काळजी करायची.

शिवाय काही सर्जन इम्प्लांट मुद्दाम हाडाच्या किंचित खाली बसवतात, काही बरोबर कडेला, आणि काही डिझाइनमध्ये वरचा गुळगुळीत भाग हाडाबाहेरच ठेवायचा असतो. त्यामुळे नुसत्या आजच्या फिल्मवरून "दीड गेलं" म्हणणं म्हणजे भरतीची वेळ न विचारता समुद्र किती आत आला ते सांगणं.

---

शून्य_चूक

डॉक्टर, मनापासून आभार. म्हणजे झिरो सेटिंग न करता रीडिंग घेतलं गेलं. आता दुसरा प्रश्न: चालेल असं माप किती? आम्ही प्रत्येक ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहायचो.

---

दंतकथा

टॉलरन्सची गोष्ट मजेशीर आहे. स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून रक्तप्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर ती नळी काढायला गेले तर निघेना, हाड तिला पक्कं धरून बसलेलं. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात पहिली इम्प्लांटं बसवली. ती त्याच्याबरोबर २००६ पर्यंत, म्हणजे तो वारला तोवर राहिली.

त्याच गटाने १९८१ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब छापला: हाड बरं होण्याचा काळ आणि पहिलं वर्ष मिळून सरासरी १.५ मिलिमीटर, पुढे वर्षाला ०.१. मग १९८६ मध्ये अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी यशाचे निकष मांडले, त्यात पहिल्या वर्षानंतर दरवर्षी ०.२ मिलिमीटरच्या आत असं आलं. आमच्या परीक्षेत हा आकडा इतक्यांदा लिहिलाय की झोपेत विचारलं तरी सांगेन. आजच्या इम्प्लांटांचे पृष्ठभाग आणि जोड बदललेत, बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी दीड मिलिमीटर जातही नाही.

तुमच्या मुलुंडच्या डॉक्टरांचा दीड आणि १९८१ चा दीड हा योगायोग समजा.

---

पिक्सेलपुराण

काका, त्या एक्स-रेची फाइल घेतलीत का? स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो नव्हे, मूळ फाइल. मी इमेज प्रोसेसिंगमध्ये काम करतो, आपण घरी मोजू शकतो. इमेजजे नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. इम्प्लांटची खरी लांबी माहीत असेल तर तोच आपला स्लिप गेज.

---

शून्य_चूक

फाइल मागितली. "ती कशाला हवी?" इथून सुरुवात झाली, पण दिली. आणि एक चमत्कार झाला. हिने (म्हणजे सौ.ने) कपाटातल्या वॉरंटी कार्डांच्या पिशवीतून २०२० चं एक पाकीट काढलं. आमच्या जुन्या मिक्सरच्या कार्डाला चिकटलेलं होतं. आत इम्प्लांटचं कार्ड, त्यावर स्टिकर: व्यास ४.०, लांबी १०, लॉट नंबर. आणि चकचकीत कागदावर एक्स-रेची प्रिंट, मागे जुन्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात "कॅप, १२/३/२०".

तीस वर्षं मी हिला म्हणत आलो की ती पिशवी फेकून दे.

---

गिरगावची_मावशी

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि तुम्ही साष्टांग घाला.

---

पिक्सेलपुराण

काकांनी दोन्ही पाठवले, परवानगीने इथे आकडे देतो. इम्प्लांटची लांबी आणि गळ्याजवळचा व्यास दोन्ही पिक्सेलमध्ये मोजले.

२०२० ची प्रिंट स्कॅन केलेली: लांबी ४१२, व्यास १६५. भागाकार २.५. खरा भागाकार १० भागिले ४, म्हणजे २.५. बरोबर जुळतो.

मुलुंडची फिल्म: लांबी ४५२, व्यास २०१. भागाकार २.२५. म्हणजे इम्प्लांट या फोटोत आखूड झालंय! लोखंडाचा तुकडा पाच वर्षांत एक मिलिमीटरने आटला असं कोणी म्हणणार नसेल तर फोटो तिरका आहे.

आता गंमत बघा. पुढच्या बाजूचं खांद्यापासून हाडापर्यंतचं अंतर ६८ पिक्सेल. लांबीवरून स्केल लावलं तर १.५ मिलिमीटर येतं. व्यासावरून लावलं तर १.३५. एकाच फोटोत, एकाच रेघेची दोन उत्तरं. जुन्या प्रिंटवर तेच अंतर ३३ पिक्सेल, म्हणजे ०.८.

---

शून्य_चूक

लोखंड नव्हे, टायटॅनियम. पण मुद्दा पोचला.

फिल्म पुन्हा पाहिली. जुन्या प्रिंटमध्ये इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंनी करवतीच्या दातांसारखे स्वच्छ दिसतात. नव्या फिल्ममध्ये ते एकात एक मिसळलेत, जणू बोल्टला ग्रीस फासलंय. प्रोफाइल प्रोजेक्टरवर (वस्तूची मोठी सावली पडद्यावर पाडणारं यंत्र) स्क्रू तिरका लावला की नेमकं असंच दिसायचं. ट्रेनी पोरांना मी याच्यासाठी ओरडायचो.

---

दंतकथा

काका, हे वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे. आटे स्वच्छ दिसले तर किरण काटकोनात आहे. आटे फासले तर ती फिल्म मोजायला घ्यायची नाही, पुन्हा काढायची.

पिक्सेलपुराण यांनी केलेलं गणित छान, पण एक सावधगिरी. तिरक्या फिल्मचं स्केल दुरुस्त करून काम भागत नाही. इम्प्लांटच्या गालाकडची आणि जिभेकडची हाडाची कड वेगवेगळ्या उंचीवर असते. किरण तिरका आला की त्या दोन्ही कडा फोटोत वरखाली सरकतात, आणि नेमकी कुठली कड आपण मोजतोय तेच कळत नाही. म्हणून कोन सुधारणं हाच उपाय.

त्यासाठी सेन्सर धरायला होल्डर असतो, त्याला बाहेर एक रिंग, आणि एक्स-रेच्या नळकांड्याचं तोंड त्या रिंगला समांतर लावायचं. पेशंटला बोटाने सेन्सर धरायला लावणं ही सवय जायला हवी. (खालच्या मागच्या दाढेला होल्डर टोचतो, जिभेखाली जागा कमी, पेशंट ओकारी काढतो, हे मान्य. पण मोजायचं असेल तर पर्याय नाही.) त्याहून चांगलं म्हणजे होल्डरच्या चावायच्या ठोकळ्यावर पुटी लावून पेशंटच्या दातांचा ठसा घ्यायचा. पुढच्या वर्षी तोच ठोकळा, तोच ठसा, तोच कोन.

---

शून्य_चूक

म्हणजे फिक्स्चर, जॉब दर वेळी त्याच जागी धरून ठेवणारा साचा! आधी सांगायचं ना डॉक्टर. जॉब तोच, फिक्स्चर तेच, गेज तेच.

---

सरळमार्गी

एवढं कशाला? सरळ सीबीसीटी स्कॅन काढा, जबड्याचा थ्रीडी एक्स-रे आहे, सगळीकडून दिसेल. मोबाइल टूजीवरून फाइव्हजीवर गेला आणि तुम्ही अजून सपाट फोटोवर रेघा मारताय.

---

काळापांढरा

परळला एका स्कॅन सेंटरमध्ये सीबीसीटी काढतो, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं थ्रीडी म्हणजे सगळं खरं. इम्प्लांट धातूचं. धातूतून किरण जाताना त्यातले सौम्य किरण आधीच गाळले जातात, आणि पुढे जे चित्र तयार होतं त्यात इम्प्लांटला खेटून काळे पट्टे येतात. नेमकं जिथे हाड मोजायचं तिथेच. शेजारी अजून एक इम्प्लांट असेल तर दोघांच्या मधला भाग म्हणजे काजळी. मागच्या महिन्यात एका बाईंचा स्कॅन बघून त्यांचा मुलगा रडकुंडीला आला, "गालाकडचं हाड पूर्ण गेलंय" म्हणून. तो पट्टा होता.

बारीकपणाही बघा. स्कॅनचा एक ठोकळा, म्हणजे व्हॉक्सेल, पुष्कळदा ०.२ मिलिमीटरचा. वर्षाला ०.२ चा फरक त्यात शोधायचा म्हणजे सुतळीने केस मोजणं. डोसही छोट्या एक्स-रेच्या कित्येक पट.

पण सीबीसीटी निरुपयोगी आहे असं नाही. इम्प्लांट बसवण्याआधी हाडाची रुंदी, खालच्या जबड्यातली नस किती लांब, वर सायनस कुठे, यासाठी त्याला तोड नाही. आणि छोट्या एक्स-रेत गालाकडचं आणि जिभेकडचं हाड इम्प्लांटच्या सावलीत लपतं, तिथे काही गडबड असल्याची ठोस शंका असेल तर काढतातच.

अवांतर: स्कॅन सेंटरला गेलात तर भिंतीवर एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, परवाना बघा. त्यांचं ऑफिस आपल्याच अणुशक्तीनगरात आहे. परवाना विचारला की काही जण आपल्याकडे असं बघतात जणू त्यांचं रेशनकार्ड मागितलं.

---

चुनाभट्टी_लोकल

माझ्या आईचा प्रश्न. तिची वरच्या बाजूला तीन इम्प्लांटं आहेत. डॉक्टर दरवर्षी ओपीजी काढतात, पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे. या वर्षी म्हणाले "मागच्यापेक्षा सुधारलंय." हाड परत वाढतं का?

---

काळापांढरा

ओपीजीत चित्र मुळातच मोठं होतं, साधारण वीस ते तीस टक्के, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. आईंनी मान थोडी पुढे घातली की समोरचे दात बारीक होतात, मागे नेली की फुगतात. पाठीच्या कण्याची सावली वेगळीच. ओपीजी म्हणजे हेलिकॉप्टरमधून काढलेला मुंबईचा फोटो. बिल्डिंग उभी आहे की पडली ते दिसेल, भिंतीला तडा किती रुंद ते नाही.

---

दंतकथा

+१. आणि नुसत्या एक्स-रेवर कोणी निदान करत नाही, करू नये. हिरडी आणि इम्प्लांटच्या फटीत प्रोब (मापाच्या खुणा असलेली बारीक सळई) घालून खोली बघायची, हलक्या हाताने, पाव न्यूटन म्हणजे साधारण २५ ग्रॅम इतकाच जोर. रक्त येतं का, पू येतो का. २०१७ च्या जागतिक बैठकीत हिरडीच्या डॉक्टरांनी नवी व्याख्या ठरवली: रक्त किंवा पू, आधीपेक्षा वाढलेली खोली, आणि सुरुवातीच्या बदलापलीकडे गेलेलं हाड, हे तिन्ही असेल तर पेरीइम्प्लांटायटिस, म्हणजे इम्प्लांटभोवतीचं हाड खाणारा रोग. जुनी फिल्म मिळतच नसेल तर रक्त, ६ मिलिमीटर किंवा जास्त खोली, आणि हाडाची पातळी ३ मिलिमीटर किंवा जास्त खाली.

@चुनाभट्टी_लोकल, आईंचे तीन छोटे एक्स-रे होल्डर लावून काढून घ्या आणि प्रोबिंगची नोंद मागा. खर्चाची अडचण असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल किंवा सीएसएमटीजवळचं सरकारी डेंटल कॉलेज आहे. सकाळी लवकर जा, केस पेपरची रांग असते. आणि आई मिश्री लावत असतील तर आधी ती बंद. साखरही तपासा.

---

चुनाभट्टी_लोकल

मिश्री लावते. तुम्हाला कसं कळलं?

---

दंतकथा

वीस वर्षं हिरड्या बघतेय.

---

पिक्सेलपुराण

एक शंका. आपण दोन फिल्मवर रेघ मारतोय, दोन्हींत माझ्या हाताची चूक. काल तीच प्रिंट पाच वेळा मोजली, ३१ ते ३७ पिक्सेलच्या दरम्यान आलं. हाड कुठे संपतं ते ठरवणंच कठीण, कड धूसर आहे.

---

शून्य_चूक

शाब्बास, ही खरी टूलरूमची शंका. एका मापात चूक ±०.२ धरली (कोन, कड, डोळा सगळं मिळून), तर दोन मापांच्या वजाबाकीत चूक चाळीस टक्क्यांनी वाढते. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ: ०.२८. म्हणजे निकष वर्षाला ०.२ आणि वजाबाकीची चूक ०.२८! एका वर्षाच्या फरकावरून "वाढलं" किंवा "घटलं" म्हणणं निव्वळ अंदाज. पण पाच वर्षांत एक मिलिमीटर गेलं असेल तर ते स्वच्छ पकडता येईल. टूल वेअरचा, म्हणजे हत्याराच्या झिजेचा, ग्राफ एका रीडिंगवर काढत नाहीत, ओळीने बिंदू टाकावे लागतात.

---

दंतकथा

आमच्या अर्ध्या संशोधनपत्रिकांना हे सांगायला पाहिजे. एवढंच जोडते की बिंदूंची वाट बघताना हिरडी बघत राहायचं. रक्त आणि पू यांना वर्गमूळ लागत नाही.

---

शून्य_चूक

आज अपडेट. दंतकथा ताईंनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून सुचवलं त्यानुसार एका हिरडीच्या डॉक्टरांकडे गेलो. वीस मिनिटं फक्त मोजण्यात गेली. पुटीची गोळी मळली, ठोकळ्यावर लावली, मला चावायला लावलं, घट्ट होईपर्यंत तोंड बंद. पुटीला पुदिन्याचा हलका वास. मग होल्डर, रिंग, नळकांडं. पहिली फिल्म बघून त्या स्वतःच म्हणाल्या, "डाव्या बाजूचे आटे फासलेत, परत काढते." मला तिथेच विश्वास बसला.

दुसऱ्या फिल्मचे आकडे पिक्सेलपुराण यांनी काढले: लांबी ५०२, व्यास २००. भागाकार २.५१. पुढच्या बाजूला ५५ पिक्सेल, १.१ मिलिमीटर. मागच्या बाजूला ६०, म्हणजे १.२. जुन्या प्रिंटवर ०.८ आणि ०.९ होते. पाच वर्षांत फरक ०.३ मिलिमीटर, आणि आमची चूक ०.२८! ज्या दीड मिलिमीटरसाठी हिरडी उघडायची होती त्यातलं एवढंच उरलं.

प्रोबिंग ३ आणि ४ मिलिमीटर, रक्त नाही. मात्र कॅपच्या मागच्या बाजूला अन्न अडकतं, तिथे हिरडी थोडी लाल आहे. बारीक ब्रश रोज रात्री घालायला सांगितलाय. मुलुंडच्या डॉक्टरांना सगळं नेऊन दाखवणार आहे, भांडायला नाही. ते तरुण आहेत, ऐकतील असं वाटतं.

---

सरळमार्गी

म्हणजे धंदाच होता ना?

---

शून्य_चूक

नाही हो. वाकड्या गेजने घेतलेलं रीडिंग होतं. मीही तरुणपणी एक अख्खा लॉट रिजेक्ट केला होता, नंतर कळलं माझ्याच मायक्रोमीटरला झिरो एरर होती. सुपरवायझरने लॉट परत तपासायला लावला, रविवारी, एकट्याला.

---

पिक्सेलपुराण

काका, तो पुटीचा ठोकळा कोणाकडे आहे? क्लिनिकमध्ये ठेवला असेल तर पुढच्या वर्षी सापडणार नाही, सांगून ठेवतो.

---

शून्य_चूक

मागून घेतला. औषधाच्या डबीत ठेवलाय, वर तारीख आणि दाताचा नंबर लिहिलाय. डबी वॉरंटी कार्डांच्या पिशवीत.

---

गिरगावची_मावशी

कॅलिब्रेशन ड्यू डेटचं स्टिकर लावलं का?

---

शून्य_चूक

लावलंय. मार्च.